दाजींच्या दुकानातली धूळ

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बोलायला लागले की समोरच्याची मान त्यांच्या हातात असते. हे मी उगाच अलंकारिक म्हणत नाही. ते केस कापतात. गिऱ्हाइकाच्या गळ्याला कापड बांधायचं, मान पुढे वाकवायची, वस्तरा टेकवायचा आणि मग गप्पा सुरू करायच्या, ही त्यांची पद्धत. अशा वेळी त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती होत नाही. माझा धंदा घड्याळदुरुस्तीचा. एका डोळ्याला भिंग लावून दिवसभर मुकाट बसायचं. त्यामुळे या माणसाला दिवसभर ऐकून घेणारे लोक वर त्यालाच पैसे देतात, याचं मला कायम वैषम्य वाटत आलं आहे.

दुकान भट्टीच्या गल्लीत आहे. या गल्लीत गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या येतात. त्या फोडायच्या, आतलं शिसं काढायचं, भट्टीत वितळवायचं आणि त्याच्या विटा पाडायच्या, हा तिथला उद्योग. काही भट्ट्या शेडमध्ये आहेत, काही लोकांच्या अंगणात, तर काही सरळ चुलीशेजारी. ज्यांना शहरात दुसरीकडे कुणी खोली दिली नाही, असे लोक तिथे येऊन राहिले आणि राहता राहता त्यांची दुसरी पिढी झाली. या गल्लीचा पत्ता सांगितला तर कपड्याच्या दुकानात नोकरी मिळत नाही. दवाखान्यात डॉक्टर हात न लावता औषध लिहून देतो. शेजारच्या वस्तीतल्या बायका बसमध्ये यांच्याशेजारी रिकामी जागा असली तरी उभ्या राहतात. गल्लीतल्या लोकांना याची इतकी सवय झाली आहे की ते त्यावर विनोद करतात, आणि ते विनोद ऐकताना कुठे बघावं हे मला कळत नाही.

दुकान म्हणजे एक खोली. आरशासमोर दोन खुर्च्या, त्यातली एक वर-खाली होते, दुसरी फक्त खाली. भिंतीला बाक, बाकावर जुनी वर्तमानपत्रं, छताला कुरकुरणारा पंखा. मागच्या बाजूला पडदा आणि पडद्यामागे माझ्या ताईचा संसार. त्या संसारात ताई, दाजी आणि त्यांची नात. नातीची आई, म्हणजे माझी भाची, दुसऱ्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते आणि कारखान्याच्या वसतिगृहात राहते. तिथे मुलं ठेवू देत नाहीत. बापाविषयी घरात बोलत नाहीत, म्हणून मीही बोलत नाही. पोरगी एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. वय चार. तिचं राज्य म्हणजे खुर्च्यांखालची फरशी. खाली पडलेले केस गोळा करायचे, थुंकी लावून वळायचे आणि मांजरं करायची. काळं मांजर, पांढरं मांजर, करडं मांजर. मी किळस करायचो. दाजी म्हणायचे, "पोरीच्या हातात कला आहे. घड्याळात किडे शोधणाऱ्याला काय कळणार?"

या गल्लीला विद्यापीठाचा अनुभव होता. पूर्वी एकदा पुलापलीकडच्या विद्यापीठातून काही मंडळी आली होती. पांढरे कोट, शीतपेटी, सुया. त्यांनी पोरांच्या दंडातून रक्त काढलं, प्रत्येकाला बिस्किटाचा पुडा दिला आणि निघून गेले. रक्तात काय निघालं हे सांगायला कुणी परत आलं नाही. पुढे एका सकाळी वर्तमानपत्रात गल्लीचा फोटो आला, त्याखाली रकानाभर मजकूर आला, आणि त्यापाठोपाठ भट्ट्यांना सील ठोकणारे साहेब आले. ज्यांच्या भट्ट्यांना टाळं लागलं त्यातले काही परगावी गेले, काहींनी मागच्या अंगणात चोरून भट्टी घातली, म्हणजे धूर होता तो घरात आला. पोरांचं काय झालं हे कुणाला कळलं नाही. तेव्हापासून हातात फाइल घेतलेला माणूस गल्लीच्या तोंडाशी दिसला की पटापटा दारं लागायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. यांनी तर ताक पिणंच सोडलं होतं.

अशा गल्लीत त्याच विद्यापीठातल्या मॅडम आल्या. चाळिशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, पायात साध्या चपला. दारं वाजवायच्या भानगडीत न पडता त्या सरळ दुकानात शिरल्या आणि बाकावर बसल्या.

"बाई, इथे पुरुषांचे केस कापतात," दाजी म्हणाले.

"मला कापायचे नाहीत. मला केस हवेत."

दाजींचा वस्तरा हवेतच राहिला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने जन्मात पहिल्यांदा मान स्वतःहून वळवली.

मॅडमनी समजावून सांगितलं. शरीरात शिसं गेलं तर त्यातलं थोडं केसांत उतरतं. मानेच्या मागची चिमूटभर बट कापली की ती तपासता येते. पोर रडत नाही, सुई नाही. त्यांनी हेही सांगितलं की ही तपासणी ठोकळ असते. नुसत्या केसांवरून छातीठोक काही म्हणता येत नाही, कारण केसांना बाहेरचीही धूळ चिकटते. ज्याचा आकडा जास्त येईल त्याच्या रक्ताचा थेंब नंतर बघावा लागेल. आणि काय शोधायचं, कसं शोधायचं, हे त्यांना गल्लीतल्या लोकांबरोबर बसून ठरवायचं होतं.

"आमच्याबरोबर?" दाजी म्हणाले. "का? तुमच्याकडची माणसं संपली?"

"आमच्याकडच्या माणसांनी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या.

दाजींना हे उत्तर आवडलं. ते त्यांनी पुढचा आठवडाभर प्रत्येक मानेला सांगितलं.

मग एक मंडळ झालं. त्यात दाजी, गल्लीतल्या दोन-तीन आया आणि पैलवान. पैलवान हा मोठ्या भट्टीवरचा कामगार. अंगावर मूठभर मांस नाही म्हणून त्याचं नाव पैलवान. ताई मंडळात नव्हती, पण चहा तीच करत असल्यामुळे तिच्याशिवाय मंडळ भरत नसे. बैठका दुकानातच व्हायच्या. पहिल्याच बैठकीत घोडं अडलं. विद्यापीठाला जाणून घ्यायचं होतं की पोरांच्या अंगात शिसं किती आहे. आयांना त्यात काही रस नव्हता. त्यातली एक म्हणाली, "किती आहे ते कळून मी काय करू? जास्त आहे की कमी आहे, ते मी रोज बघतेच. पोराचं पोट दुखतं, पोर चिडचिडं झालंय. कुठून येतं ते सांगा. भट्टीतून येतं की पाण्यातून, की भांड्यांतून?" मॅडमनी वहीत लिहिलेला आपला प्रश्न खोडला. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. हाच प्रश्न घेऊ." म्हणजे केसांबरोबर घराघरांतली फरशी, उंबरा, खाट, पाण्याचा पिंप हे सगळं ओल्या कापसाने पुसून त्या कापसाचीही तपासणी करायचं ठरलं.

दाजींनी तीन अटी घातल्या. पहिली, निकाल आधी घरात येईल, मग बाहेर जाईल. दुसरी, ज्या घराचा आकडा त्याच घराला कळेल, शेजाऱ्यालाही नाही. तिसरी, कुठल्याही कागदावर कुणाचं नाव, घर, दुकान असं काही येणार नाही. मॅडम लगेच हो म्हणाल्या. त्यांच्या विद्यापीठाला मात्र हो म्हणायला एक अख्खा मोसम लागला. तिथे म्हणे एक समिती असते आणि त्या समितीला अशा अटी कुणी घातल्याची सवय नसते. मला आधीपासून या लोकांचा राग. उंटावरून शेळ्या हाकणारे. मी दाजींना म्हणालो, "गेली तुमची मॅडम. आता पेपरात फोटो बघा." पण एके दिवशी त्या शिक्का मारलेला होकार घेऊन हजर झाल्या आणि मला चहाबरोबर माझे शब्दही गिळावे लागले.

आयांना पटवण्याचं काम दाजींचं. त्यांनी ते खुर्चीतून केलं, उंबऱ्यातून केलं, नळावर जाऊन केलं. प्रत्येकीला एकच सांगायचे, "माझ्या दुकानात आण. माझ्या खुर्चीत बसलेल्या पोराला आजवर ओरखडा उठलेला नाही. काही झालं तर मला धर." आया विद्यापीठावर विश्वास ठेवणार नव्हत्या. त्यांनी दाजींवर ठेवला. हे दाजींना ठाऊक होतं, आणि त्या दिवसांत ते थोडे उंच झाल्यासारखे चालायचे.

रविवारी केस घ्यायचे ठरलं. आणि शनिवारी जे झालं ते फक्त याच गल्लीत होऊ शकतं. उद्या विद्यापीठाची माणसं आपल्या पोराचं डोकं बघणार म्हटल्यावर झिपऱ्या घेऊन पोराला पाठवेल अशी आई कुठे असते? सगळं जग ज्यांना घाणेरडे म्हणतं, त्यांना तर याची जास्तच धास्ती. शनिवारी सकाळपासून दुकानासमोर रांग लागली. आणि दाजी! ज्यांनी अटी घातल्या, ज्यांना मानेमागची बट पाठ झाली होती, ते दाजी बाह्या सरसावून उभे राहिले. पाहुणे येणार आणि त्यांच्या हाताखालची डोकी वेडीवाकडी दिसणार, हे त्यांच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. मशीन तापून बंद पडेपर्यंत चाललं. एकेक पोर असं साफ केलं की डोक्यावरून माशी घसरावी.

रविवारी मॅडम एका विद्यार्थिनीला घेऊन आल्या. हातात छोटी कात्री, छोट्या पिशव्या. समोर गल्लीतली सगळी पोरं ओळीत उभी, आणि ओळीत एकही केस नाही. दाजी बाजूला हात बांधून शाबासकीची वाट बघत होते.

मॅडमनी एका पोराच्या मानेवरून हात फिरवला. दुसऱ्याच्या फिरवला. मग त्या बाकावर बसल्या.

"काय झालं?" दाजींनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. कोपऱ्यातल्या पोत्याकडे त्यांचं लक्ष गेलं. "केस आहेत की. सगळे याच पोत्यात आहेत."

"हो," मॅडम म्हणाल्या. "पण कुठला कुणाचा?"

त्यानंतर त्या हसायला लागल्या. सुरुवातीला तोंडावर पदर धरून, मग नुसत्याच. विद्यार्थिनी हसली, आया हसल्या, पैलवान भिंतीला टेकून खोकेपर्यंत हसला. दाजी तेवढे हसले नाहीत. "वाढतील," ते पुटपुटत होते, "पोरांचे केस लवकर वाढतात."

मला वाटलं, आता ही बाई केस वाढल्यावरच तोंड दाखवेल. पण त्या पुढच्या रविवारीही आल्या. त्याच्या पुढच्याही. घेण्यासारखं काही नव्हतं, तपासण्यासारखं काही नव्हतं. नुसत्या बाकावर बसायच्या. दाजींच्या गप्पा ऐकायच्या आणि, मला हे मान्य करावं लागेल, मान मोकळी असताना त्यांच्याशी वाद घालणारी ती पहिली व्यक्ती. हळूहळू बायका पडद्यामागे जमायला लागल्या आणि मॅडमचा मुक्काम बाकावरून आत सरकला. कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाचा नवरा भट्टीवरून आल्यावर तसाच जेवायला बसतो, कुणाच्या घरात भट्टीची राख भांडी घासायला वापरतात, हे त्यांना तिथे कळलं. मॅडमच्या आईला विसराळूपणाचा आजार आहे आणि ती मुलीलाच बाई म्हणून हाक मारते, हे गल्लीला कळलं. भिंगरीने त्यांना एक करडं मांजर भेट दिलं आणि त्यांनी ते रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं. वरिष्ठांनी त्यांना विचारलं होतं म्हणे, की इतक्या दिवसांत काय काम केलं. "केस वाढायची वाट बघितली," असं उत्तर त्यांनी दिलं. ते वरिष्ठांना कितपत आवडलं हे माहीत नाही. गल्लीला फार आवडलं.

केस वाढले. कापले गेले, पिशव्यांत भरले गेले. विद्यार्थिनीने घरोघरी ओल्या कापसाने फरश्या पुसल्या. दुकानातलीही पुसली, कारण ताई म्हणाली, "आमचं काय घर नाही का?" मग काही घरांत मॅडम पुन्हा आल्या आणि पोरांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. या वेळी दारं लागली नाहीत. भिंगरीच्याही बोटातून थेंब घेतला. ताईला वाटलं, सगळ्यांचाच घेत असतील.

निकाल घेऊन मॅडम एका दुपारी एकट्या आल्या. मी तिथे होतो, कारण दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करून परत लावायला गेलो होतो. गिऱ्हाईक नव्हतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

"घरचाच आहे," दाजी म्हणाले. "बोला."

त्या फिरवून बोलल्या नाहीत. म्हणाल्या, गल्लीतल्या पोरांत शिसं आहे, ज्यांच्या घरात भट्टी आहे त्यांच्यात जास्त आहे, तसं वाटलंच होतं. "पण सगळ्यांत जास्त भिंगरीमध्ये आहे. रक्तातही."

दाजी हसले. खरंच हसले. "काहीतरी चुकलंय. आमच्याकडे भट्टी कुठे आहे? पिशव्या बदलल्या असतील."

"मलाही तसंच वाटलं, म्हणून दोनदा तपासलं. मग फरशीचा कापूस बघितला." मॅडम खाली बघत होत्या. "तुमच्याकडे येणारी माणसं कुठून येतात, दाजी?" गल्लीसोबत त्याही त्यांना दाजीच म्हणायला लागल्या होत्या.

कामगार भट्टीवरून सुटले की सरळ दुकानात येतात. घरी जाण्याआधी दाढी, कटिंग, चार गप्पा. त्यांच्या केसांत, कपड्यांत, मानेवर भट्टीची धूळ असते. दाजी ब्रशने मान झटकतात, कापड झटकतात. धूळ फरशीवर बसते, केरसुणीने उडते, पडद्याखालून आत जाते. भट्टीवर निदान वारा असतो. या खोलीला समोर एक दार आणि मागे स्वयंपाकघर. कितीतरी वर्षांची धूळ तिथे साठलेली, आणि त्या धुळीत बसून पोरगी थुंकी लावून मांजरं करत होती.

पडदा हलला. ताई केव्हापासून उभी होती कोण जाणे. पडदा तिने मुठीत धरला होता.

"मी दिवसातून तीनदा झाडते," ती म्हणाली. मॅडमना म्हणाली, मग दाजींना, मग मला, जणू आमच्यापैकी कुणीतरी ती झाडत नाही असा आरोप केला होता. "तीनदा झाडते मी. आणि रस्त्यावर जायला नको, डोळ्यांसमोर राहावी, म्हणून तिला इथे बसवायची. मीच बसवायची."

दाजी तिच्याकडे गेले नाहीत. बहिणीचा तो चेहरा मी लहानपणापासून ओळखतो असं मला वाटायचं. त्या दुपारी तो मला अनोळखी वाटला.

मॅडमनी पुढचं सांगितलं. पोरीला इथून हलवायला हवं, लवकर. शिसं अंगातून सावकाश जातं. डोक्यावर किती परिणाम झाला असेल ते आज सांगता येणार नाही, शाळेत जायला लागल्यावर दिसेल, कदाचित दिसणारही नाही. त्या दर काही आठवड्यांनी रक्त तपासत राहतील. मग म्हणाल्या, "ठरल्याप्रमाणे हा तुमच्या घराचा निकाल आहे. मी कुणाला सांगणार नाही. अहवालातही दुकानाचं नाव येणार नाही."

त्या गेल्यावर मी जे बोललो ते व्यवहाराला धरून होतं, असं मला अजून वाटतं. मी म्हणालो, "झाकली मूठ सव्वा लाखाची. भिंगरीला आजच माझ्याकडे पाठवा. फरशी धुऊन काढा, झाडणं बंद करा, ओल्या फडक्याने पुसा. बोभाटा कशाला? तुमचीच अट आहे, शेजाऱ्यालाही कळायचं नाही."

"आणि बाकावर बसतात ती पोरं?" ताई म्हणाली. "ज्यांना ह्यांनी बोलावून आणलं?"

भिंगरी त्याच संध्याकाळी माझ्याकडे आली, एका पिशवीत चार फ्रॉक घेऊन. भाचीला फोन ताईने केला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. दाजी त्यानंतर गप्प झाले. कामापुरतं हो-नाही. गिऱ्हाइकं एकमेकांना विचारायला लागली की वहिनींशी भांडण झालंय का. प्रश्न एकच होता, आणि तो आम्हा तिघांनाच माहीत होता. बोलले, तर भट्टीवरची माणसं, म्हणजे निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं, हा अपमान समजणार आणि ज्या आयांनी त्यांच्या शब्दावर पोरं आणली त्यांच्यापुढे तो शब्द खोटा पडणार. न बोलले, तर काहीच होणार नव्हतं. पोरं बाकावर पाय हलवत बसत राहिली असती. त्यांनी स्वतःच घातलेल्या अटींनी त्यांना गप्प बसायची पूर्ण मोकळीक दिली होती.

रविवारच्या बैठकीला दुकान भरलं होतं. बाकीच्या घरांना आपापले निकाल कळले होते. कुणी कुणाला विचारत नव्हतं, पण चेहरे बोलत होते. मॅडम सर्वसाधारण गोष्टी सांगत होत्या, राखेने भांडी घासू नका, कामाचे कपडे घरात आणू नका. दाजी खुर्चीच्या मागे उभे होते, तिच्या पाठीवर हात ठेवून, जणू तिथे कुणी बसलं आहे.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. "सगळ्यांत जास्त माझ्या घरात निघालंय. भिंगरीला. आणि ते या दुकानातून आलंय. या फरशीवरून. तुमची पोरं इथे आणा असं मीच म्हणालो होतो. काही झालं तर मला धरा, असंही म्हणालो होतो. आता आणू नका."

मॅडमनी झटकन मान वर केली. दाजी हे सगळ्यांसमोर सांगतील याची त्यांना कल्पना नव्हती. एका आईने बाकावर बसलेल्या आपल्या पोराला उचलून कडेवर घेतलं.

"या फरशीवर कुठून आलं?" पैलवानने विचारलं. त्याला उत्तर कळलं होतं.

"भट्टीवरून. तुमच्या डोक्यातून, कपड्यांतून."

"म्हणजे आम्ही आणलं." पैलवान उठून उभा राहिला. "अख्खं शहर आम्हाला घाण म्हणतं. बसमध्ये म्हणतं, दवाखान्यात म्हणतं. एक तुझं दुकान होतं, दाजी, जिथे आहोत तसे येऊन बसायचो. आता तूही म्हण."

"मी घाण म्हटलं नाही."

"मग काय म्हटलं?"

उत्तराची वाट न बघता पैलवान गेला, आणि त्याच्यामागे आणखी काही गेले.

पुढच्या आठवड्यात दुकानात कुणी आलं नाही. दाजींनी त्या वेळात खोली धुतली. बाक, पंखा, आरशाची चौकट, सगळं ओल्या फडक्याने. पडदा काढून तिथे पत्र्याची भिंत घातली आणि घराला मागून दार पाडलं. खुर्ची आणि आरसा दुकानाबाहेर, छपराखाली आणला. मॅडम येत होत्या. त्यांच्या मनातून एक गोष्ट जात नव्हती आणि ती त्यांनी मला सांगितली. कामगारांनी धुऊन यावं असं म्हणणं सोपं आहे, पण भट्टीवर पाणी आहे कुठे? मग मंडळातल्या आयांनी तोच मुद्दा धरला. विद्यापीठाचा अहवाल आधी गल्लीत वाचला गेला, मग बाहेर गेला, आणि त्यात पहिली मागणी भट्ट्या बंद करण्याची नव्हती, पाण्याची होती. भट्टीमालक बरेच दिवस कानांवर हात ठेवून बसले. शेवटी आयाच जाऊन शेडच्या दारात बसल्या, मॅडमही त्यांच्यात बसल्या, आणि गल्लीच्या तोंडाशी नळ आणि आडोशाला न्हाणीघर झालं. अहवालात दुकानाचा उल्लेख 'सार्वजनिक वापराची एक खोली' असा आहे. दाजींना तिथे दुकानाचं नाव हवं होतं. मॅडम म्हणाल्या, समितीने तुमचीच अट मंजूर केली आहे, आता ती मलाही मोडता येत नाही.

पैलवान कधीतरी परत आला. डोक्यातून पाणी निथळत होतं, अंगात धुतलेला सदरा. खुर्चीत बसला आणि आरशात न बघता म्हणाला, "धुऊन आलोय. वास घेऊन बघ हवं तर." दाजींनी त्याच्या गळ्याला कापड बांधलं. मान पुढे वाकवली आणि कटिंग सुरू केली. जाताना पैलवानने भिंगरीची चौकशी केली, आणि दाजींनी बरी आहे म्हणून सांगितलं. सगळी गिऱ्हाइकं मात्र परतली नाहीत. काही आया अजून दाजींना बघून रस्त्याच्या पलीकडून जातात. त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

भिंगरी माझ्याकडे असते. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीत माझं कामाचं टेबल. रक्तातला आकडा खाली येतोय, पण हवा तेवढा नाही. कधीकधी ती एखादा शब्द शोधत थांबते. सगळीच पोरं थांबतात, अशी मी स्वतःची समजूत घालतो, आणि मॅडमना विचारत नाही. ताई अधूनमधून येते आणि आल्या आल्या माझी फरशी पुसायला घेते. मी तिला अडवणं सोडून दिलं आहे.

दाजी रविवारी येतात. निघण्याआधी आंघोळ करतात, आणि माझ्याकडे आल्यावर पुन्हा करतात. मॅडमनी सांगितलंय, एकदा पुरेशी आहे. ते ऐकत नाहीत. सुरुवातीला भिंगरी त्यांची चाहूल लागताच जिन्यात धावायची आणि सरळ अंगावर झेपायची. मग हा माणूस दोन्ही हात वर करून भिंतीला चिकटायचा आणि ओरडायचा, "थांब, थांब, शिवू नकोस, आधी धुऊ दे मला!" ती हसायची, तिला तो खेळ वाटायचा. दाजींना तसं वाटत नव्हतं. एकदा तिने पाय धरलेच, तर ते मागे सरकता सरकता दोन पायऱ्या खाली घसरले.

आता ती झेपत नाही. परवाच्या रविवारी बेल वाजली तेव्हा तिनेच दार उघडलं. आजोबांना बघून ती दोन पावलं मागे सरकली, दोन्ही हात पाठीमागे धरले आणि म्हणाली, "आजोबा, साबण आत ठेवलाय."